तुरटीचे दोन फेरे

वनमाला रामटेकेने तीस वर्षं गाळ तोलला. रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या शेजारणी सुरुवातीला विचारायच्या, "दीदी, ऑफिस में करती क्या हो आप?" ती सांगायची, "नदी का पानी छानती हूँ." त्यापुढे कोणी काही विचारत नसे. पाणी गाळणं हे घरोघरचं काम. त्यासाठी सरकार एका बाईला रोज बसने बोलावून घेतं, याचं बहुतेकींना हसू यायचं.

काम मात्र हसण्यासारखं नव्हतं. रायपूरहून दीड तासावर महानदीच्या काठी नदी मोजायचं एक केंद्र होतं. पावसाळ्यात तिथून लाकडी खोक्यांमधून पाण्याच्या बाटल्या रायपूरच्या प्रयोगशाळेत यायच्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्याला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि पाणी किती खोलीवरून घेतलं ते. वनमाला ते पाणी आधी चाळणीतून काढी. जाड वाळू वर राही आणि बारीक गाळ पाण्याबरोबर खाली उतरे. ते पाणी काचेच्या उंच बरणीत रात्रभर निवळत ठेवायचं. सकाळी वरचं पाणी रबरी नळीने ओढून टाकायचं, तळाशी बसलेला गाळ फिल्टर पेपरवर घ्यायचा, भट्टीत वाळवायचा, तोलायचा आणि कागदाचं वजन वजा करायचं. लिटरभर पाण्यामागे नदी कमी असली की नखाएवढा, पुरात चिमूट-दोन चिमूट. तो आकडा रजिस्टरात जाई.

गोंदियाच्या कॉलेजातून ती बी.एस्सी. झाली होती, पण गाळाची पारख तिला कॉलेजने दिली नव्हती. कागदावरचा रंग पाहून ती सांगायची, पाऊस कुठे झाला. पिवळट असला तर माळावरची मटासी माती वाहून आलेली, काळपट असला तर खालच्या शेतांतली कन्हार. केंद्रावरच्या माणसाने दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या, तर तेही तिच्या लक्षात यायचं. साहेब लोक बदलत गेले, वनमाला त्याच टेबलाशी राहिली आणि दोन वर्षांपूर्वी तिथूनच निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी एका साहेबांनी भाषणात तिचा उल्लेख "हमारी छन्नी दीदी" असा केला. तिला राग आला नाही. छन्नी म्हणजे चाळणी, आणि चाळणी चांगली असली तरच आकडा चांगला.

ज्ञानदा तिला लग्नानंतर नवव्या वर्षी झाली. इतक्या उशिरा आलेल्या लेकराची काळजी आई किती करील? नवरा हरिदास रेल्वेत, लोको शेडला होता. तो म्हणायचा, "या बाईले काळजी करायले काही नसलं, तं त्याचीच काळजी वाटते." आणि या लेकीने संशोधनासाठी जागा कोणती निवडली, तर महानदीचं मुख. रायपूरच्या गल्लीत वाढलेली पोरगी ओडिशाच्या किनाऱ्यावर होडीत बसून, गुडघाभर चिखलात उभी राहून नळकांड्यांत गाळ भरू लागली. वनमालाने मोबाइलवर वादळाचे इशारे देणारं ॲप घेतलं. समुद्रापासून एवढ्या लांब बसून तिला तिथल्या भरती-ओहोटीच्या वेळा तोंडपाठ झाल्या.

मागच्या हिवाळ्यात ती लेकीकडे जाऊन आली. होडीवाल्याच्या म्हाताऱ्या आईने तिला किनाऱ्यावर नेलं आणि लाटांकडे बोट दाखवून ओडियात काही सांगितलं. ज्ञानदाने मराठीत सांगितलं, "म्हणते, तिथे माझी चूल होती."

वनमालाला ती बाई आणि ते बोट विसरता आलं नाही. रात्रीच्या जेवणाला तिने लेकीला विचारलं, "पण समुद्र आताच काहून आत येऊन राहिला?"

"समुद्र चढतोय, ते तर आहेच," ज्ञानदा म्हणाली. "पण आई, नदीचं मुख जिवंत असतं ना, ते नदीच्या गाळावर. दरवर्षी समुद्र थोडी जमीन खातो, नदी थोडी आणून देते. आता वर इतके बांध, इतके बॅराज. गाळ त्या धरणांच्या जलाशयात बसून राहतो. खाली पाणी येतं ते पण रिकाम्या हाताने. और बारिश देखो. पहले चार महीने आराम से गिरती थी, आता आठ दिवसांत धो-धो, मग महिनाभर कोरडं. त्या आठ दिवसांत माती भरपूर सुटते, पण बांधाशी अडते. जी थोडी सुटून येते, ती दरवाजे उघडले की एवढ्या जोरात येते की काठावर थांबतच नाही, सरळ खोल समुद्रात. उन्हाळ्यात नदीत पाणी नाही, म्हणून खारं पाणी आत शिरतं."

वरून किती गाळ निघाला आणि मुखाशी किती पोचला, या दोन आकड्यांमधला फरक म्हणजे ज्ञानदाचा प्रबंध होता. खालचा आकडा ती स्वतः चिखलात उभी राहून काढत होती. वरच्या आकड्यासाठी तिने जी जुनी रजिस्टरं मागवली, ती तिच्या आईच्या हातची निघाली. त्या दिवशी फोनवर वनमालाने "अक्षर वाचता येते न माह्यं?" एवढंच विचारलं होतं. हरिदासने मात्र बुढा तलावावर फिरायला येणाऱ्या प्रत्येक माणसाला ते सांगून टाकलं होतं.

यंदाच्या ऑगस्टमध्ये ज्ञानदा पंधरा दिवसांसाठी घरी आली. प्रबंध देण्याआधी भुवनेश्वरला समितीपुढे शेवटचं सादरीकरण, म्हणजे सेमिनार, करायचं होतं, त्याची तयारी घरी बसून करावी, आईच्या हातचं खावं, एवढाच बेत. दुसऱ्या दिवशी सकाळी वनमाला जमिनीवर बसून लाल भाजी निवडत होती. ज्ञानदाने लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला.

"बघ आई, तुझी तीस वर्षं. एका पानावर."

पडद्यावर तीस खांब उभे होते, दरवर्षीच्या पावसाळ्यातल्या बारीक गाळाचा एक. बहुतेक सगळे जवळपास सारख्या उंचीचे होते. मधले तीन मात्र दुप्पट उंच.

"ही तीन बघ. दोन हजार सहा, सात, आठ. यही तीन साल मेरी पूरी थीसिस है. वरून दुप्पट माती आली, आणि मुखाशी माझ्या नळकांड्यांत त्या वर्षांचा थर कागदाएवढा. बाकी सब बांध खा गए. एवढं सरळ उदाहरण कोणाकडे नाही."

वनमालाच्या हातातली काडी हातातच राहिली. "हो का," ती म्हणाली. मग भाजी उचलून ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सुरू करून तशीच उभी राहिली.

दोन हजार सहा, सात, आठ. ते तीन पावसाळे तिला नीट आठवत होते.

सहा साली प्रयोगशाळेतला तिचा जोडीदार निवृत्त झाला आणि त्याची जागा रिकामी राहिली. बरण्या होत्या बारा. पुराच्या दिवसांत बाटल्या यायच्या तीस-तीस. रात्रभर निवळायचं म्हटलं तर एका दिवसात बाराच होणार. बाकीच्या तशाच पडायच्या, पुढच्या खोक्यात मिसळायच्या. ती उशिरापर्यंत थांबून एकेक बरणी धुवायची आणि पुन्हा लावायची. ज्ञानदा तेव्हा आठ वर्षांची. हरिदासची ड्यूटी पाळीची. एका संध्याकाळी वनमाला शाळेत पोचली तेव्हा साडेसहा झाले होते. पोर रेनकोट घालून फाटकाजवळच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "आई, सगळे गेले."

दुसऱ्या दिवशी वनमालाने घरून तुरटीचा खडा नेला. भंडाऱ्याला माहेरी वैनगंगेचं गढूळ पाणी यायचं, तेव्हा तिची आई हंड्यात तुरटीचे दोन फेरे मारायची आणि स्वयंपाक होईस्तोवर पाणी नितळ व्हायचं. वनमालाने बरणीत तसेच दोन फेरे मारले. तासाभरात गाळ तळाला, वर काचेसारखं पाणी. बरणी मोकळी, पुढची बाटली. ही चूक रसायनशास्त्रात पास झालेल्या डोक्याने केली नव्हती, तुरटी फिरवायची सवय असलेल्या हाताने केली होती. डोक्याला ते आठवड्याभराने उमगलं. तुरटी पाण्यात विरघळून नाहीशी होत नाही, तिची साय गाळाला चिकटते आणि गाळाबरोबर तराजूत जाते. पण तोवर ती साडेचारला शाळेच्या फाटकाशी उभी असायची. नऊ साली नवा माणूस आला, बरण्या आल्या. खडा तिने घरी आणला. सांगितलं कोणालाच नाही.

दुपारी ज्ञानदा जवळच्या दुकानातून छपाई करून आणायला गेली, तेव्हा वनमालाने हरिदासला सगळं सांगितलं. तो अंगणात स्कूटरचा स्टँड दुरुस्त करत होता.

"किती वर्षं झाले त्याले?" हरिदासने विचारलं.

"शेवटच्याले सतरा."

"सतरा वर्षांत कोणी पाहिलं?"

"कोणीच नाही."

"मंग आता काहून काढून राहिली तू? पंधरा दिवसांनी पोट्टीचं सेमिनार आहे. तिच्या पायाखालची फरशी आत्ताच उचकायची आहे का तुले?"

"अवो, पण फरशीच खोटी असली तं?"

"तुरटी काय किलोभर टाकत होती का तू? दोन फेरे! त्यानं काय होते?"

"तेच तं मले माहीत नाही," वनमाला म्हणाली. "थोडं होते का बम होते, हे मी कधी पाह्यलंच नाही."

हरिदासने पान्हा खाली ठेवला. "पाह्य वनमाला, मी इंजिनं दुरुस्त केले आयुष्यभर. चालून राहिलेलं इंजिन कोणी खोलत नाही."

तो दिवस तिने लेकीला न सांगता काढला. दुसराही काढला असता. पण संध्याकाळी जेवताना ज्ञानदा सहज म्हणाली, "समितीतले एक सर फार किचकट आहेत. विचारणारच, ये तीन खंभे इतने ऊँचे क्यों? मोजण्यात गडबड नाही ना? मी सांगणार, सर, त्या टेबलावर माझी आई होती. उससे गलती नहीं होती."

वनमालाने हातातला घास ताटात ठेवला.

"झाली होती," ती म्हणाली.

"काय?"

"चूक. त्या तीन पावसाळ्यांत मी बरण्यांत तुरटी फिरवत होती. पुराच्या दिवसांत, रोज."

ज्ञानदा आधी हसली, आई गंमत करतेय असं वाटून. मग आईचा चेहरा पाहून थांबली. "कितनी?"

"दोन फेरे."

"दोन फेरे म्हणजे किती ग्रॅम, आई?"

"मले काय माहीत? दोन फेरे म्हणजे दोन फेरे."

"सगळ्या बरण्यांत?"

"पूर आला की सगळ्यांत. पाणी कमी असलं की नाही."

"चार साल," ज्ञानदा म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्याचीच वनमालाला जास्त भीती वाटली. "चार वर्षं मी त्या आकड्यांवर काम करतेय. रजिस्टरं आली तेव्हा तुला फोन केला होता. तेव्हा का नाही सांगितलं?"

"मले वाटलंच नव्हतं," वनमाला म्हणाली, "का त्यातल्या नेमक्या त्याच तीन वर्षांकडे कोणी पाहीन."

ज्ञानदा ताटावरून उठली. खोलीत गेली, दार लावून घेतलं. वनमाला उष्ट्या हाताने बसून राहिली. अर्ध्या तासाने दार उघडलं, तेव्हा पोरीचे डोळे लाल होते.

"पण का केलंस? इतनी पक्की तू. का?"

या प्रश्नाचं उत्तर लेकीच्या डोक्यावर ठेवायचं नाही, एवढं वनमालाने ठरवलं होतं. पण हरिदासला गप्प बसणं कधी जमलं नव्हतं.

"काहून म्हणजे? तुले शाळेतून वेळेवर आणायले."

ज्ञानदाने बाहेर येऊन आपलं ताट पुढे ओढलं, थंड झालेला भात पुन्हा कालवला आणि खाऊ लागली. चार घास झाल्यावर म्हणाली, "ठीक आहे. मोजू."

"काय मोजू?"

"तुझे दोन फेरे. तुझा हात आहे, तुरटी आहे, नदी पण गढूळ आहे. क्या कमी है?"

तराजूची कमी आहे, वनमालाच्या मनात आलं. पण ठीक आहे म्हणून पोरगी पुन्हा जेवायला बसली होती, आत्ता तेवढं पुरे होतं.

सकाळी शेजारच्या साहू भैयाची गाडी सांगितली. "महानदी का पानी लाना है? मंदिर के लिए?" त्याने विचारलं. "नहीं, इसकी पढ़ाई के लिए," वनमाला म्हणाली. "हव," म्हणून तो निघाला. पढ़ाईसाठी लोक काहीही करतात, हे त्याने मान्य केलेलं दिसलं.

शहरातलं तेलीबांधा मागे टाकून ते आरंगच्या पुढे महानदीच्या पुलावर पोचले. वर पाऊस झालेला होता, पाणी चहासारखं. ज्ञानदाने दोरीला बादली बांधली, तशी वनमालाने ती सोडवली. वरवरचं पाणी चालत नाही, तिथे गाळ कमी असतो. तिने बाटलीला वीट बांधली, बुचाला दुसरी दोरी लावली, बाटली निम्म्याच्या खाली सोडली आणि मग बूच ओढलं. पहिल्यांदा बूच निघेचना, दुसऱ्यांदा बाटलीच वाकडी झाली. तिसऱ्यांदा पाण्यातून बुडबुडे वर आले. दोन कॅन भरेपर्यंत दीड तास लागला. रस्त्यावरची वाहनं हळू होऊन बघून जात होती. पावसाची सर आली तेव्हा वनमाला ओरडली, "डोकं झाक, सेमिनारच्या आधी सर्दी नको!" आणि ज्ञानदा ओढणी डोक्यावर घेऊन पहिल्यांदा थोडं हसली.

घरी नऊ बरण्या मांडल्या. काही लोणच्याच्या, काही शेजारून मागून आणलेल्या. प्रत्येकीत मोजून एक लिटर. तीन बरण्यांतलं पाणी काहीही न करता, सगळंच्या सगळं फिल्टर पेपरमधून काढायचं, थेंब थेंब, दिवस लागला तरी चालेल. खरा आकडा तो. तीन बरण्या नेहमीच्या रीतीने रात्रभर निवळत ठेवायच्या. आणि तीन तुरटीच्या.

वनमाला खडा घेऊन तुरटीच्या बरणीशी उभी राहिली. "माझ्याकडे पाहू नको," ती लेकीला म्हणाली. "पाहिलं की हात बदलते." ज्ञानदाने तोंड फिरवलं. वनमालाने खडा पाण्यात बुडवला. एक फेरा. दुसरा.

दहाएक मिनिटांनी पाण्यात बारीक कण एकमेकांना धरू लागले. आधी धूर, मग धुराचे पुंजके, मग पुंजके जड होऊन खाली. ज्ञानदा बरणीला नाक लावून बसली होती.

"आई, तुला माहीत आहे? मुखाशी समुद्र अगदी हेच करतो."

"तुरटी फिरवते?"

"मीठ. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना लांब ढकलतात, म्हणून तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यात शिरले की चिकटतात, जड होतात, बसतात. असाच चिखल होतो, त्याच्यावर झाडं उगवतात. हा सगळ्यात बारीक गाळ नसेल, तर तिथे जमीनच होणार नाही."

तीस वर्षांत वनमालाने गाळ बसताना इतक्या वेळा पाहिला होता, पण त्याचं पुढे काय होतं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवस स्वयंपाकघरात कोणाला पाय ठेवायला जागा नव्हती. कागद वाळवायला साहूंकडचा केकचा ओव्हन आणला. हरिदास डोकावून म्हणाला, "आज काय, केक का?" "गाळाचा आहे, खाता का?" वनमालाने विचारलं. "माझं निम्मं आयुष्य तोच खाल्ला तुह्या हातचा," तो म्हणाला आणि पळाला. वाळलेला कागद पावसाळी हवेतली ओल ओढून घेतो, हे वनमालाला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने औषधांच्या आणि बुटांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या गोळा केल्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात कागदांखाली अंथरल्या. रात्रभर निवळलेल्या बरण्यांतलं पाणी तिने सवयीने नळीने ओढलं आणि बेसिनमध्ये सोडणार, तोच ज्ञानदाने हात धरला.

"थांब. हे पाणी बघ. नितळ आहे?"

तांदळाच्या धुवणासारखं धूसर होतं. "पुराचं पाणी याहून साफ होतच नाही," वनमाला म्हणाली. "एवढं धुरकट सगळेच सोडतात."

ज्ञानदाने तिन्ही बरण्यांचं ते पाणी वेगळ्या भांड्यांत घेतलं आणि तेही तीन कागदांतून गाळायला लावलं.

राहिला प्रश्न तराजूचा. घरचा काटा आटा तोलायचा. ज्ञानदाची प्रयोगशाळा दूर भुवनेश्वरला. तेव्हा हरिदासनेच सुचवलं, "मिलिग्रॅमच पाहिजे न? तं सदर बाजारात जा. सोनारापेक्षा बारीक तोलते कोण?"

आणि म्हणून तिसऱ्या दिवशी भर दुपारी वनमाला स्टीलचा डबा पोटाशी धरून सदर बाजारातल्या एका सराफाच्या गादीसमोर बसली होती. वीस वर्षांपूर्वी तिने इथून कानातले घेतले होते, एवढीच ओळख.

"निकालिए दीदी, क्या तुड़वाना है?" सराफाने विचारलं.

ज्ञानदाने चिमट्याने पहिला कागद काढला. मध्यभागी पिवळट तपकिरी पापुद्रा.

"ये क्या है?"

"मिट्टी," ज्ञानदा म्हणाली. "तौलना है. बारह कागज़ हैं."

सराफाने आधी पोरीकडे पाहिलं, मग आईकडे. "कहाँ की मिट्टी? इसमें सोना है?"

"नहीं भैया, महानदी की है," वनमाला म्हणाली. "पंखा बंद कीजिए ज़रा. और काँच का ढक्कन भी लगाइए, हवा से काँटा हिलता है."

तिचा स्वर ऐकून सराफाने उठून खरंच पंखा बंद केला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तीही सरकून बघायला लागली. वनमाला एकेक कागद ठेवी, आकडा स्थिर होईपर्यंत थांबे, मोठ्याने वाचे. ज्ञानदा वहीत लिही आणि कोऱ्या कागदाचं वजन वजा करी. सगळं गाळून काढलेल्या तीन: एक ग्रॅम एकशे ऐंशी मिलिग्रॅम, एकशे ब्याऐंशी, एकशे अठ्ठ्याहत्तर. तुरटीच्या तीन: एक ग्रॅम दोनशे, दोनशे चार, दोनशे एक. रात्रभर निवळलेल्या: एक ग्रॅम शंभर, एक ग्रॅम पंच्याण्णव, एक ग्रॅम एकशे दोन. उरलेल्या तीन कागदांवर बेसिनमध्ये जाता जाता वाचलेलं ते धूसर पाणी होतं. तिन्हींवर नुसते ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास.

ज्ञानदा दोनदा, तीनदा आकडेमोड करत राहिली. वनमालाला तिच्या ओठांच्या हालचालीवरून काही कळेना. पंखा बंद असल्याने पाठीवरून घाम ओघळत होता.

"बोल न वं," ती शेवटी म्हणाली.

"आई." ज्ञानदाने वही तिच्यापुढे केली. "तुझी तुरटी म्हणजे शंभरात दोन. बस्स. दोन फेऱ्यांनी शंभराचे एकशे दोन झाले."

"आन हे?" वनमालाचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं.

"हे म्हणजे नेहमीची रीत. शंभराचे त्र्याण्णव. सगळ्यात बारीक गाळ बेसिनमध्ये जायचा."

वनमालाने आकडे पुन्हा वाचले. "म्हणजे चूक केली ते तीन वर्षं जवळपास बरोबर," ती सावकाश म्हणाली, "आन बरोबर केले ते सत्तावीस वर्षं कमी?"

ज्ञानदा खळखळून हसली. इतक्या मोठ्याने की सराफ दचकला. हसता हसता तिला रडू आलं. तिने सराफाच्या गादीवरच आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"क्या हुआ, सोना निकला क्या?" सराफाने विचारलं.

"उससे अच्छा निकला, भैया," ज्ञानदा म्हणाली.

बाहेर आल्यावर तिने तिथेच, दुचाकींच्या गर्दीत उभं राहून गाईड मॅडमना फोन लावला. वनमाला एका हातात डबा आणि दुसऱ्यात पर्सचा बंद घट्ट धरून उभी. तीन खांब आता दुप्पट राहत नव्हते, ज्ञानदा सांगत होती. बाकीचे थोडे वर चढवावे लागतील, हे तीन थोडे खाली. तरी पावणेदोन पटीच्या वर राहतात. वरून गाळ आला होता, हे खरं. मुखाशी पोचला नाही, हेही खरं. मॅडम बराच वेळ बोलल्या. ज्ञानदा फक्त "जी मॅम, जी मॅम" करत होती. फोन ठेवून ती म्हणाली, "म्हणतात, एक नदी, एक दिवस एवढ्यावर भागणार नाही, हे पुन्हा प्रयोगशाळेत व्हायला पाहिजे. पण दिशा बरोबर आहे. सेमिनारात लपवायचं नाही, पहिल्याच पानावर सांगायचं."

"माह्या नावानं?"

"हो. तुझ्या नावाने. चालेल?"

वनमालाने जरा विचार केला. तीस वर्षांत तिचं नाव रजिस्टरात आडव्या सहीपुरतं होतं, साहेबाच्या सहीच्या खाली. "चालेल," ती म्हणाली. "पण नीट लिही. आळस म्हणून नाही टाकली, बरण्या कमी होत्या म्हणजो."

ज्ञानदा भुवनेश्वरला परतली, आणि सेमिनारच्या दिवशी सकाळपासून वनमालाने फोन हातातून सोडला नाही. हरिदासने दोनदा विचारलं, "आला का?" आणि दोनदा तिने त्याला बाहेर पाठवलं. पावणेदोनला फोन वाजला.

"झालं, आई!"

"काय झालं? नीट सांग. चांगलं का वाईट?"

"चांगलं. मान्य केलं. ते किचकट सर आहेत ना, त्यांनी तुरटीचं पान वाचलं आणि अर्धा तास त्याच्यावरच बोलले. म्हणाले, देशात किती ठिकाणी हे धुरकट पाणी फेकलं जात असेल, इसका हिसाब किसी ने किया है क्या? आणि विचारलं, वो मैडम आ सकती हैं?"

"कोण मॅडम?"

"तू, आई. दिवाळीनंतर इथे प्रयोगशाळेत पंधरा दिवस. तुझ्या केंद्राच्या पाण्यावर सगळं पुन्हा करायचं, पुराचं आत्ताच भरून ठेवलेलं वेगळं, कमी पाण्याचं वेगळं. निवळायचं कसं, नळी कुठे धरायची, ते इथल्या पोरांना येतच नाही. येशील?"

वनमालाने पलंगावर बसून घेतलं. पाय इतका वेळ दुखत होते, हे तिला आत्ता कळलं. दारात हरिदास कान देऊन उभा होता. तिने त्याच्याकडे पाहून मान हलवली, तशी त्याने आकाशाकडे हात जोडले आणि स्कूटरची किल्ली घेऊन निघाला. बहुतेक बुढा तलावाकडे.

"येतो न," ती फोनमध्ये म्हणाली. "पण किती बरण्या आहेत तुमच्याकडे, ते आधी मोजून सांग."